संत तिमथी : पौलाचा मानसपुत्र

२६ जानेवारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तिरंगा येतो. सकाळच्या मिस्साबलिदानानंतर पटांगणात झेंडावंदन, शाळेच्या मुलांची कवायत, खाऊवाटप आणि मग सुट्टीचा दिवस. या धामधुमीत त्याच दिवशी येणारा दोन संतांचा सण बिचारा मागे पडतो. संत तिमथी आणि संत तीत हे ते दोघे. आदल्या दिवशी, म्हणजे २५ जानेवारीला, संत पौलाच्या परिवर्तनाचा सण असतो. १९६९ साली ख्रिस्तसभेने आपली उपासना दिनदर्शिका नव्याने आखली, तेव्हा गुरूच्या सणाला लागूनच या दोन शिष्यांचा सण ठेवण्यात आला. त्याआधी तिमथीचा सण २४ जानेवारीला साजरा होत असे.

आज आपण या दोघांपैकी तिमथीची ओळख करून घेऊ. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव तीमथ्य असे आहे. देवाचा सन्मान करणारा, असा त्या ग्रीक नावाचा अर्थ होतो. तिमथीने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. त्याने केलेला एखादा चमत्कार बायबलात नोंदलेला नाही. तरीही दर काही वर्षांनी ज्या धर्मग्रामात नवा तरुण धर्मगुरू येतो, त्या धर्मग्रामाने या संताचे चरित्र एकदा तरी नीट वाचावे, असे आम्हांला वाटते. कारण धर्मगुरू कसा घडतो आणि त्याला कोण कोण घडवते, हे त्यात स्पष्ट दिसते.

तिमथीचा जन्म लुस्त्र या गावचा. आजच्या तुर्कस्तानात कोन्या नावाचे मोठे शहर आहे. बायबलमधले इकुन्य ते हेच. त्याच्या नैर्ऋत्येला साधारण तीस किलोमीटरवर लुस्त्र होते. सम्राट ऑगस्टसने तिथे निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत केली होती, पण सामान्य लोक आपली लुकवनी बोलीच बोलत. तिमथीचे घरही असेच मिश्र होते. वडील ग्रीक, आई यहुदी. आईचे नाव युनीके आणि आजीचे लोईस. वडिलांविषयी बायबल एवढेच सांगते की ते ग्रीक होते. आई आणि आजी यांची मात्र नावे घेऊन पौलाने त्यांच्या श्रद्धेची आठवण काढली आहे. तिमथीला बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते, असेही तो लिहितो. ते त्याला कोणी शिकवले हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे ज्या घरात संध्याकाळी आजी नातवंडांना घेऊन रोजरीला बसते, त्या घराला लोईस आणि युनीके परक्या वाटणार नाहीत.

इ. स. ४७ च्या सुमारास या गावात दोन पाहुणे आले. बर्णबा आणि पौल. पौलाने तिथल्या एका जन्मतः पांगळ्या माणसाला उभे केले. झाले, सारा गाव वेडा झाला. बर्णबा म्हणजे प्रत्यक्ष ज्यूस आणि बोलणारा पौल म्हणजे हर्मीस, असे लोकांनी ठरवून टाकले. ज्यूसच्या मंदिराचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन आला. ते दोघे कपडे फाडत लोकांमध्ये धावले आणि आपण साधी माणसे आहोत हे त्यांनी कसेबसे पटवून दिले. नंतर अंत्युखिया आणि इकुन्य येथून विरोधक आले आणि त्यांनी लोकांची मने फिरवली. ज्याला देव समजून बळी द्यायला निघाले होते, त्याच पौलावर दगडांचा वर्षाव झाला. तो मेला असे समजून त्याला गावाबाहेर ओढत नेऊन टाकले. शिष्य त्याच्याभोवती जमले, तेव्हा तो उठला, पुन्हा गावात गेला आणि दुसऱ्या दिवशी दर्बेला निघाला. काही काळाने परतीच्या वाटेवर तो पुन्हा त्याच लुस्त्र गावात आला आणि तिथल्या छोट्या मंडळीला त्याने धीर दिला.

तिमथी त्या वेळी विशीच्या आतबाहेरचा असावा. आपल्याला लुस्त्रमध्ये काय सोसावे लागले हे तिमथी जाणतो, असे पौलाने कितीतरी वर्षांनी त्याला लिहिले. येशूच्या मागे जाणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याला आपल्याच गावच्या वेशीवर मिळाला होता. एखाद्या तरुणाने हे ऐकून तो नाद सोडला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

आता मध्येच एका दुसऱ्या तरुणाची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. हा तरुण म्हणजे योहान मार्क. बर्णबाचा हा नातलग पहिल्या प्रवासात पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला होता. पंफुल्यात पोचल्यावर त्याने दोघांना सोडले आणि तो यरुशलेमला परत गेला. पुढे दुसऱ्या प्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हा बर्णबा मार्कला पुन्हा बरोबर घ्यायचे म्हणू लागला. पौलाने साफ नकार दिला. अर्ध्या वाटेवर पळून गेलेला माणूस त्याला नको होता. वाद एवढा विकोपाला गेला की दोघे सोबती वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला आणि पौल सीलाला घेऊन जमिनीच्या मार्गाने निघाला.

या भांडणात बरोबर कोण होते? ख्रिस्तसभेत यावर शतकानुशतके चर्चा झाली आहे. आमचे मत विचाराल तर ते बर्णबाच्या बाजूचे आहे. ज्या वेळी यरुशलेममधले शिष्य पौलाला घाबरून जवळ करत नव्हते, त्या वेळी त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. पुढे तार्ससला जाऊन पौलाला शोधून अंत्युखियाच्या कामाला लावणाराही तोच. ज्याला कोणी संधी देत नाही त्याला संधी देणे हा बर्णबाचा स्वभाव होता. पौलाने त्याचा लाभ घेतला होता, पण मार्कच्या वेळी तो ते विसरला.

या तुटलेल्या मनानेच पौल पुन्हा लुस्त्रला आला आणि तिथे त्याला तिमथी भेटला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात एक बारीकशी नोंद आहे, ती आपण सहसा वाचून पुढे जातो. लुस्त्र आणि इकुन्य येथील बंधू तिमथीबद्दल चांगले बोलत होते, अशी ती नोंद. म्हणजे पौलाला हा मुलगा नुसता आवडला आणि त्याने उचलला असे झाले नाही. ज्यांच्यामध्ये तो वाढला त्या लोकांनी त्याच्याविषयी साक्ष दिली होती. आपल्यापैकी ज्यांनी गुरुदीक्षेचा विधी पाहिला आहे त्यांना आठवत असेल की विधीच्या सुरुवातीला बिशप उमेदवाराच्या लायकीविषयी विचारतात, आणि ख्रिस्ती लोकांमध्ये चौकशी केल्यानंतर तो लायक ठरला आहे, असे उत्तर त्यांना दिले जाते. त्या उत्तरात लुस्त्रच्या त्या बंधूंचा आवाज आजही ऐकू येतो.

तिमथीला बरोबर घेण्यापूर्वी पौलाने त्याची सुंता केली. वाचणारा इथे अडखळतो. परराष्ट्रीयांना सुंतेची गरज नाही म्हणून यरुशलेमपर्यंत जाऊन भांडलेला पौल हाच. ग्रीक आईबापांच्या तीताची सुंता करायला त्याने ठाम नकार दिला होता. मग तिमथीची का? तिमथीची आई यहुदी होती आणि त्या भागातले यहुदी त्याचे वडील ग्रीक असल्याचे ओळखून होते. सुंता न झालेल्या तिमथीला घेऊन पौल त्यांच्या सभास्थानांत गेला असता, तर सुवार्तेआधी त्याच गोष्टीवर वाद सुरू झाला असता. तारणासाठी सुंता हवी असे पौलाने म्हटले नाही. लोकांपर्यंत पोचण्यातला एक अडथळा त्याने दूर केला. त्याची वेदना मात्र तिमथीने सोसली.

त्या काळी सेमिनरी नव्हती. आज आपले तरुण कितीतरी वर्षे तत्त्वज्ञान आणि धर्मज्ञान शिकतात. तिमथीचे शिक्षण रस्त्यावर झाले. त्रोवसपर्यंतची पायपीट, तिथून समुद्र ओलांडून मासेदोनिया, फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना झालेली फटक्यांची शिक्षा आणि तुरुंग, थेस्सलनीकातली दंगल, रातोरात बिरुयाला पलायन, तिथेही पाठलाग. बिरुयाहून पौलाला समुद्राकडे काढून देण्यात आले आणि तिमथी सीलाबरोबर मागे राहिला.

पुढे अथेनै शहरात असताना पौलाचा जीव थेस्सलनीकाच्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी तळमळत होता. ते काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे ख्रिस्ती होते आणि त्यांचा छळ सुरू झाला होता. पौलाने परत जाण्याचा एकदोनदा प्रयत्न केला, पण जमले नाही. मग त्याने तिमथीला पाठवले आणि आपण अथेनैमध्ये एकटे राहणे पत्करले. आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरते. ज्या गावातून गुरूला पळावे लागले होते, त्या गावात शिष्याला एकट्याने जायचे होते. तिमथीची ही पहिली स्वतंत्र जबाबदारी. तो गेला, लोकांना धीर दिला आणि त्यांची श्रद्धा टिकून असल्याची बातमी घेऊन करिंथला पौलाकडे परतला. पौलाने आनंदाने पत्र लिहायला घेतले. हे साधारण इ. स. ५० किंवा ५१ मधले. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले हे पहिले पत्र म्हणजे नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या पहिल्याच ओळीत तीन नावे आहेत : पौल, सिल्वान म्हणजेच सीला, आणि तिमथी. कालपरवा घेतलेल्या मुलाचे नाव पौलाने आपल्या नावाशेजारी घातले. पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांच्या आरंभी तिमथी सहलेखक म्हणून येतो.

यानंतरची जबाबदारी फार अवघड होती, आणि इथे आपण जरा थांबणार आहोत.

करिंथ हे दोन बंदरांचे शहर. व्यापार, पैसा, चैन आणि फर्डे वक्ते यांचे. पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि त्याने ख्रिस्ती मंडळी उभी केली. पण तो इफिसला गेल्यावर मंडळीत गट पडले. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवू लागला, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा. एकमेकांवर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधीच खाऊनपिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा लोकांमध्ये पौलाने तिमथीला पाठवले. तिमथीचा स्वभाव कसा होता? पौलाच्या पत्रांवरून तो हळवा, भिडस्त, चटकन डोळ्यांत पाणी येणारा आणि प्रकृतीने नाजूक असा दिसतो. अपुल्लोसारख्या वक्त्याला ऐकून बसलेल्या करिंथकरांपुढे असा तरुण उभा राहणार होता.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी, यरुशलेमसाठी गोळा करायची मदत आणि प्रवासाचे बेत यांविषयी लिहिता लिहिता, पौल तिमथीसाठी दोन ओळी लिहितो. तिमथी आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल याकडे लक्ष द्या, तो माझ्याप्रमाणेच प्रभूचे काम करतो, कोणी त्याला तुच्छ लेखू नये, आणि त्याला शांतीने माझ्याकडे परत पाठवा, मी त्याची वाट पाहतो आहे, असा त्यांचा आशय आहे.

आपण या ओळी पुन्हा वाचाव्यात. तिमथी धीट व्हावा म्हणून पौल इथे तिमथीला उपदेश करत नाही. तो लोकांना सांगतो की त्याला घाबरवू नका. तरुण मेंढपाळाची भीती ही केवळ त्याच्या स्वभावाची गोष्ट नसून ती कळपाच्या वागण्यावरही अवलंबून असते, हे पौलाने ओळखले होते. त्याचा धीर वाढवण्याची जबाबदारी त्याने करिंथकरांवर टाकली.

आपल्या धर्मग्रामांत काय होते ते आपण सारे जाणतो. अठ्ठावीस-तीस वर्षांचे साहाय्यक धर्मगुरू येतात. पहिल्याच रविवारी त्यांच्या प्रवचनाची मिनिटे मोजली जातात. त्यांची तुलना आधीच्या फादरांशी होते आणि त्या फादरांची तुलना त्यांच्याही आधीच्यांशी. बैठकीत त्यांनी काही सुचवले तर आमच्याकडे असे चालत नाही, असे सांगितले जाते. सांगणाऱ्याला ते सहज बोलणे वाटते. आपल्या खोलीत परतलेल्या त्या तरुणाला रात्री झोप लागत नाही, हे त्याच्या गावी नसते. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि नव्या फादरांना आपल्या गटात ओढू पाहतात. करिंथमध्येही हेच दोन्ही प्रकार होते. त्या पत्राला आज साधारण १,९७० वर्षे झाली, पण ते आपल्या पत्त्यावर आले असते तरी चालले असते.

तिमथीला करिंथमध्ये यश आले का? आले नसावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. कारण त्यानंतर प्रकरण आणखी चिघळलेले दिसते. पौलाला अश्रू ढाळत एक कडक पत्र लिहावे लागले आणि तिढा सोडवायला या वेळी तीताला जावे लागले. तीत खंबीर मनाचा होता. त्याने करिंथकरांना वळणावर आणले. मग पौलाने काय केले? पंफुल्यातून परतलेल्या मार्कला त्याने दूर लोटले होते. करिंथहून परतलेल्या तिमथीला मात्र त्याने दूर लोटले नाही. करिंथकरांना लिहिलेले दुसरे पत्र उघडून पाहा. पहिल्याच ओळीत पौलाच्या नावाशेजारी आपला बंधू म्हणून तिमथीचे नाव आहे. ज्या लोकांसमोर त्याचे काही चालले नाही, त्याच लोकांसमोर, भर सभेत वाचल्या जाणाऱ्या पत्रात, गुरूने त्याला आपल्या बरोबरीने उभे केले. आम्हांला वाटते, तिमथी खरा घडला तो या ओळीमुळे. आणि माणसे कशी सांभाळायची, यात त्या काही वर्षांत पौलही घडला होता.

पुढच्या काळाची माहिती तुटक आहे. इफिसमध्ये देमेत्रिय सोनाराने देवी अर्तमीच्या नावाने मोठी दंगल उठवली, तिच्या थोडे आधीच पौलाने तिमथीला एरास्ताबरोबर मासेदोनियात पाठवले होते. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तिमथीचा नमस्कार आहे. यरुशलेमकडच्या शेवटच्या प्रवासात सोबत निघालेल्यांच्या यादीत तो आहे. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना पौल त्यांना कळवतो की तिमथीसारखा तुमची मनापासून काळजी करणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, आणि मुलाने बापाला साथ द्यावी तशी त्याने सुवार्तेच्या कामात मला साथ दिली आहे. इब्री लोकांस पत्रात तिमथीची सुटका झाल्याचा उल्लेख येतो. म्हणजे गुरूप्रमाणे त्यानेही बंदिवास भोगला.

शेवटी तिमथी इफिसच्या ख्रिस्तसभेची धुरा सांभाळताना दिसतो. जगातल्या सात आश्चर्यांत गणले जाणारे अर्तमीचे मंदिर ज्या शहरात होते, ते हे शहर. तिमथीच्या नावे नव्या करारात असलेली दोन पत्रे याच काळाची पार्श्वभूमी घेऊन येतात. ती प्रत्यक्ष पौलाने लिहिली की त्याच्या पश्चात एखाद्या शिष्याने त्याची शिकवण जपण्यासाठी लिहिली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ख्रिस्तसभा ती देवप्रेरित म्हणून वाचते, आणि गुरुशिष्यांच्या नात्याचे चित्र त्यांत इतके जिवंत आहे की आपण ते तसेच पाहू.

पहिल्या पत्रात पौल तिमथीला सांगतो की त्याच्या तरुणपणाला कोणी तुच्छ मानू नये असे त्याने वागावे, बोलण्यात, वागणुकीत, प्रेमात, श्रद्धेत आणि शुद्धतेत सर्वांचा आदर्श व्हावे. मार्ग सांगितला तो असा. अधिकार गाजवून वय झाकायला पौल सांगत नाही. वृद्ध माणूस चुकला तर त्याला फटकारू नये, वडिलांना समजवावे तसे समजवावे. वृद्ध स्त्रियांना आईसारखे, तरुणांना भावासारखे आणि तरुणींना पूर्ण शुद्ध मनाने बहिणीसारखे वागवावे. मंडळीतल्या वडीलजनांविरुद्ध कागाळी आली तर दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ती मनावर घेऊ नये. कोणाच्याही मस्तकावर हात ठेवून त्याला सेवेत घेण्याची घाई करू नये. पैशाच्या लोभापासून दूर पळावे. हे सगळे गंभीर उपदेश चालू असताना मध्येच पौल लिहितो की नुसते पाणी पिऊ नको, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. धर्मसिद्धान्त आणि पोटदुखी एकाच पत्रात! आपल्या तरुण धर्मगुरूंना प्रार्थनेची आठवण करून देणारे पुष्कळ असतात. फादर, जेवलात का, असे विचारणारी एखादी मावशीही धर्मग्रामात हवी.

या पत्रांत गुरुदीक्षेच्या दिवसाचाही उल्लेख आहे. पहिल्या पत्रात वडीलवर्गाने तिमथीच्या मस्तकावर हात ठेवले असे म्हटले आहे, तर दुसऱ्यात पौलाने स्वतः हात ठेवले असे. दोन्ही खरेच असणार. आजही बिशप हात ठेवतात आणि मग उपस्थित सारे धर्मगुरू एकामागून एक येऊन मौनाने हात ठेवतात. चर्चमध्ये त्या वेळी जी शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगायला नको. त्या दिवशी मिळालेले कृपादान म्हणजे विस्तव आहे, तो फुंकर घालून पेटता ठेवावा, असे पौल तिमथीला कळवतो. विस्तवावर राख धरते, हे त्याला माहीत होते.

दुसरे पत्र तुरुंगातले, रोममधले. मृत्यू जवळ आल्याची पौलाला जाणीव आहे. निरोप घेतानाचे तिमथीचे अश्रू त्याला आठवतात. पुढच्या सोयीचीही त्याला चिंता आहे. आपल्याकडून तिमथीने जे ऐकले ते त्याने विश्वासू माणसांच्या हाती सोपवावे, म्हणजे ती आणखी दुसऱ्यांना शिकवतील, असे तो लिहितो. एका वाक्यात चार पिढ्या. मग एकेकाची हकिकत येते. देमास जगाच्या मोहाने सोडून थेस्सलनीकाला गेला. क्रेस्केस गलतीयात, तीत दालमतियात गेला. जवळ फक्त लूक आहे. पहिल्या सुनावणीच्या वेळी बाजूला कोणीच उभे राहिले नव्हते. त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, असे तो म्हाताऱ्या बापाने मुलाला कळवावे तसे कळवतो.

आणि याच यादीत एक नाव येते. मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे पौल तिमथीला लिहितो. हा तोच मार्क. ज्याच्यावरून बर्णबाशी मैत्री तुटली, ज्याची जागा एका परीने तिमथीने घेतली, त्याला शेवटच्या दिवसांत बोलावून आणण्याचे काम पौलाने तिमथीवरच सोपवले. आपल्या परंपरेप्रमाणे दुसरे शुभवर्तमान या मार्कचेच आहे. बर्णबाने त्याला त्या दिवशी सायप्रसला नेले नसते तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पौलाला सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये हौतात्म्य आले. तिमथीच्या पुढच्या आयुष्याविषयी चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतो की तो इफिसचा पहिला बिशप होता. पाचव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका चरित्रात त्याच्या मृत्यूची हकिकत आहे. इ. स. ९७ मध्ये इफिसमध्ये एक उत्सव चालू होता. लोक मुखवटे घालून, हातात सोटे घेऊन रस्त्यांवर धुमाकूळ घालत. वृद्ध तिमथी त्यांना थांबवायला मध्ये गेला आणि त्यांनी त्याला सोट्यांनी आणि दगडांनी मारले. ही हकिकत परंपरेने आलेली आहे. ती खरी धरली, तर दगड खाल्लेल्या पौलाला पाहून ज्याची वाटचाल सुरू झाली, त्याच्याही वाट्याला शेवटी दगडच आले.

यानंतर थोड्याच वर्षांनी, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, अंत्युखियाचे वृद्ध बिशप संत इग्नेशियस यांना बेड्या घालून रोमकडे नेत होते. वाटेत स्मुर्णा येथे मुक्काम असताना इफिसजवळच्या मॅग्नेशिया गावाहून काही लोक त्यांना भेटायला आले. त्यांच्यासोबत त्यांचे बिशप दामास होते. ते वयाने लहान होते. इग्नेशियसने मॅग्नेशियाकरांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. बिशपांच्या तरुण वयाचा गैरफायदा घेऊ नका, त्यांना पूर्ण मान द्या, असे त्यात त्यांनी आवर्जून सांगितले आहे. स्वतः मृत्यूच्या वाटेवर असलेल्या माणसाने मुद्दाम लिहावी इतकी ही गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली.

तिमथीच्या अस्थी इ. स. ३५६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे नेऊन प्रेषितांच्या महामंदिरात ठेवण्यात आल्या. पुढे धर्मयुद्धांच्या धामधुमीनंतर त्या इटलीत आल्या आणि आद्रियाटिक समुद्राच्या काठावरील तेर्मोली शहराच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना जागा मिळाली. सुरक्षिततेसाठी त्या अशा दडवल्या गेल्या की कालांतराने जागेचा लोकांना विसर पडला. १९४५ साली कॅथीड्रलच्या दुरुस्तीचे काम चालू असताना फरशीखाली एक संगमरवरी शिळा सापडली आणि तिच्यामागे अस्थी. १२३९ साली तेर्मोलीचे बिशप स्टीफन यांनी हे शरीर इथे ठेवले, असे शिळेवर लॅटिनमध्ये कोरले आहे. शरीर कोणाचे तेही लिहिले आहे. त्यात इफिसचे नाव नाही, बिशप ही पदवीही नाही. प्रेषित पौलाचा शिष्य धन्य तिमथी, एवढीच ओळख आहे.